पहिल्याच दिवशी सांगायचं की थांबून बघायचं? (लम्पी, हरण्या, बर्ड फ्लू आणि आपला बांध)

तापीकाठ (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १०.१५

मंडळी, रावेर तालुक्यातून लिहितोय. प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आज सकाळी केळीच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या) चक्कर मारताना उत्तरेच्या बांधालगत अकरा खोडं पिवळट दिसली. पान उजेडासमोर धरलं तर शिरांच्या बाजूने तुटक तुटक पट्टे. दोन खोडांचा पोंगा (मधलं न उमललेलं पान) कडेने काळा पडून कुजायला लागलेला. आमच्याकडे याला हरण्या म्हणतात, कागदावर कुकुंबर मोझॅक व्हायरस. लागवड दीड महिन्याची, साडेचार हजार खोडं. बांधापलीकडे शेजारच्या नानांची काकडी आहे, तिलाही हाच रोग लागतो.

आता मागची गोष्ट. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात गुरांचा लम्पी रोग आला. आमच्या कपिलेला दोन दिवस ताप होता, डोळ्यांतून पाणी, तिसऱ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर गाठी. मला कळलं होतं. तरी मी चार दिवस कोणाला बोललो नाही. दूध घरोघरी जात होतं, पोळा तोंडावर होता, आणि उगीच गवगवा कशाला असं वाटलं. कपिला आणि नानांचा बैल एकाच हौदावर पाणी प्यायचे. पुढच्या आठवड्यात बैलाला गाठी आल्या, पाय सुजले, गळ्याखालची पोळी सुजली, तो उठेना. बारा दिवसांनी गेला. कपिला वाचली.

नाना मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता माझ्या बागेत रोग आहे आणि त्यांची काकडी बांधाला आहे. म्हणून विचारतो: अकराच खोडं उपटू की आजूबाजूचीही काढू? नानांना काय आणि कसं सांगू? आणि मोठा प्रश्न असा, की रोग दिसला त्या पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत? सांगितलंत की थांबलात? खरं सांगा.

---

केळीरान | गुरुवार, रात्री १०.४०

दादा, आधी बागेचं बघू. उद्या उजाडताच उपटा, पण उपटायच्या आधी त्या खोडांवर आणि भोवतालच्या चार ओळींवर मावा (रस शोषणारी बारीक कीड, रोग तीच पसरवते) मारायची फवारणी करा. नाहीतर खोड हलवलं की मावा उडून पुढच्या खोडावर बसतो. मुळासकट काढा, कंद जमिनीत ठेवू नका, त्याला परत फुटवा येतो आणि तोही रोगीच. उपटलेलं बांधावर किंवा नाल्यात टाकू नका. खड्ड्यात पुरा नाहीतर जाळा.

आणि एकदा उपटून काम संपत नाही. दर चार-पाच दिवसांनी पूर्ण बाग ओळीओळीने फिरायची. मी २०२२ ला सहा फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत ४०, दुसरीत ११०, तिसरीत ६०, मग कमी होत गेली. ज्याने पहिल्या फेरीनंतर "झालं" म्हणून सोडलं, त्याला पुढे निम्मी बाग मोडावी लागली.

---

औसेकर | गुरुवार, रात्री ११.०५

शेजारची निरोगी खोडं काढू नका, उगीच नुकसान. पण खूण करून ठेवा. आम्ही डाळिंबात तेल्या रोगाच्या वेळी फांदीला लाल चिंधी बांधायचो. माणूस विसरतो, चिंधी विसरत नाही.

---

ढोरडॉक्टर | शुक्रवार, सकाळी ६.५०

तापीकाठ, मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. केळीतलं मला कळत नाही, बैलाबद्दल बोलतो. तुम्ही तीन वर्षं एक गोष्ट छातीवर घेऊन बसलाय असं दिसतं, म्हणून नीट लिहितो.

लम्पीचा विषाणू देवी गटातला, शेळ्यामेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊ. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमधून पसरतो. अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुमच्या कपिलेला ताप आला त्या दिवशी नानांच्या बैलाच्या अंगात विषाणू आधीच असू शकतो. तुमच्या चार दिवसांनीच बैल गेला असं कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. मीही सांगणार नाही.

पण ते चार दिवस महत्त्वाचे होतेच. आजारी जनावर ज्या गावात सापडतं, त्याच्या भोवती पाच किलोमीटरच्या परिघात निरोगी जनावरांना लस द्यायची असते. ही लस शेळीच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची, गायीला चालते. ती आजारी जनावराला द्यायची नसते, आणि देतानासुद्धा बाहेरच्या गावांतून आत यायचं, आतून बाहेर जायचं नाही. प्रत्येक जनावराला सुई बदलायची. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. आता हिशोब करा, तुम्ही चार दिवस उशिरा सांगितलं की परिघाची आखणी चार दिवस उशिरा, लस चार दिवस उशिरा, तीन आठवड्यांचं घड्याळ चार दिवस उशिरा सुरू. नुकसान एका बैलाचं नसतं, त्या परिघातल्या शेकडो दावणींचं असतं.

आणखी एक. लपवणं हा निव्वळ आपल्या मनाचा प्रश्न नाही. २००९ चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा आहे. जनावराला असा रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने कळवलंच पाहिजे आणि आजारी जनावर वेगळं बांधलंच पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. गावात हे वाचून दाखवायला हवं होतं. आम्ही कमी पडलो.

---

गोठावाला | शुक्रवार, सकाळी ८.१०

डॉक्टरसाहेब, तुमचा मान राखून विरोधात लिहितो. कायदा आहे, मान्य. पण सांगणाऱ्याचं काय होतं ते बघा. माझ्याकडे अठरा जर्सी-एचएफ गायी. मी २०२२ ला पहिल्याच दिवशी फोन केला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माहिती. दूध संकलनवाल्याने दुसऱ्या दिवशी माझे कॅन बाजूला काढले. लोक म्हणाले याच्या गोठ्यातलं दूध नको. लम्पी माणसाला होत नाही, उकळलेलं दूध सुरक्षित आहे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. बारा दिवस दूध जमिनीत ओतलं.

शेजारच्या गावात एकाने सांगितलंच नाही. त्याचं दूध रोज गेलं, त्याच्या दोन गायी मेल्या, रात्रीतून ओढ्यात टाकल्या. त्याला काहीच झालं नाही. मग तरुण पोराला मी काय शिकवू?

---

रानवाट | शुक्रवार, सकाळी ९.३०

गोठावाला भाऊ, तुमचा राग खरा आहे. ओढ्यात टाकलेल्या गायीचं वाचून अंगावर काटा आला. खालच्या वाडीतल्या बाया त्या ओढ्यावर धुणं धुतात.

एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. गाय आजारी पडली की ती कोण बघतं? आमच्याकडे मी आणि सासूबाई. आमच्या तांबडीच्या गाठी फुटल्या तेव्हा नाण्याएवढी भोकं पडली होती, कातडी गोल कापल्यासारखी सुटायची. पुढच्या पायाच्या सांध्यावर एक जखम होती, तिच्यात एका दुपारी अळ्या दिसल्या. चिमट्याने काढल्या, मोजल्या नाहीत. जखम धुऊन रोज मलम, करंज-कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी दावणीजवळ कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. डॉक्टरांची इंजेक्शनं चालू होतीच, जोडीला विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ वाटून लाडू द्यायचो. ती तोंड उघडेना, जिभेवर चोळायचे सासूबाई. एकवीस दिवस.

त्या एकवीस दिवसांत आम्ही दोघी कोणाच्या गोठ्यात गेलो नाही. हळदीकुंकवालासुद्धा नाही. कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हात, आमची लुगडी तिच्या अंगाला लागलेली, मग दुसऱ्याच्या वासराला कशाला हात लावायचा? सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "आपलं दुखणं आपल्या दारात राहू दे."

तांबडी जगली. आता तिसऱ्यांदा व्यायली.

---

ढोरडॉक्टर | शुक्रवार, सकाळी १०.०५

रानवाटताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जैवसुरक्षा या विषयावर मी पन्नास सभा घेतल्या असतील, इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

---

नवापूरचा | शुक्रवार, दुपारी १.२०

मी २००६ मध्ये नवापूरला एका पोल्ट्रीवर सुपरवायझर होतो. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला. भारतातला पहिला बर्ड फ्लू, आणि तो आमच्या गावात. आधी पक्षी मरत होते तेव्हा आम्ही सगळे कोंबड्यांचा नेहमीचा राणीखेत रोग समजत होतो. माना वाकड्या, तुरे निळे, हिरवी हगवण. राणीखेतमध्येही असंच दिसतं, म्हणून आठ-दहा दिवस गेले.

मग पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. गॉगलच्या आतून वाफ, फेब्रुवारीतच उन्हाचा चटका, आणि आपण ज्या पक्ष्यांना रोज पाणी पाजलं त्यांच्या माना आपल्यासमोर मुरगाळतात. खड्डा, त्यात चुना, पक्षी, परत चुना, माती. अंडीही फोडून त्यातच. घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही न्यायच्या होत्या, तेव्हा म्हाताऱ्या बायांनी कणगीत, खाटेखाली लपवल्या. कोणाकोणाचं ते वर्षाचं मीठमिरचीचं साधन होतं.

मला सगळ्यात जास्त आठवते ती चौथ्या दिवसाची सकाळ. शेडमध्ये तीन वर्षं मला घड्याळ लागलं नव्हतं, पक्ष्यांच्या आवाजानेच जाग यायची. त्या दिवशी मी दहा वाजता उठलो.

गोठावाला, तुम्ही विचारलं सांगून काय फायदा. पोल्ट्रीत तरी त्याला रोख उत्तर आहे. बर्ड फ्लूची भरपाई सरकार मारलेल्या पक्ष्याची देतं, आधीच मेलेल्या पक्ष्याची नाही. २०२१ ला परभणीच्या मुरुंब्यात आणि नंतर परत आमच्याकडे आला तेव्हा राज्यात अंड्यावरच्या मोठ्या पक्ष्याला ९० रुपये आणि मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये दर होता. आता दहा हजारांच्या शेडमध्ये ज्याने तिसऱ्या दिवशी फोन केला त्याचे नऊ हजार मोजले गेले. ज्याने दहाव्या दिवशी केला, त्याचे मोजायला दोन हजारही उरले नव्हते. हे मी डोळ्यांनी बघितलं. पंचनाम्याला जिवंत पक्षी लागतो.

---

गोठावाला | शुक्रवार, दुपारी २.००

हे मला माहीत नव्हतं. पण मग नियमच उलटा-पालटा आहे ना? पोल्ट्रीत लवकर सांगणाऱ्याचा फायदा. लम्पीत २०२२ ला गाय मेली तर ३० हजार होते, बैलाला २५, वासराला १६. म्हणजे गाय वाचवायला मी खर्च केला त्याचे शून्य, मेली तर पैसे. आणि केळीत?

---

केळीरान | शुक्रवार, दुपारी २.२५

केळीत उपटलेल्या खोडाचे विम्यातून काहीच नाही. आमचा फळपीक विमा हवामानावरचा. थंडी किती दिवस राहिली, पारा किती चढला, वारा किती सुटला, यावर पैसे. रोग त्यात बसत नाही. सतरा रुपयांचं टिश्यूचं रोप, लावणी, ठिबकमधून दिलेलं खत, सगळं आपल्या खिशातून. म्हणूनच लोक उपटत नाहीत. "बघू, सुधारेल" म्हणतात. हरण्या झालेलं खोड सुधारत नाही. त्याला घड येत नाही, आला तर बाजारात न्यायच्या लायकीचा नसतो. ते खोड बागेत उभं असतं ते फक्त शेजाऱ्याला रोग द्यायला.

मला विचाराल तर पहिल्या महिन्यात उपटलेल्या प्रत्येक खोडाला निम्मी तरी किंमत मिळायला हवी. पंचनामा कृषी सहाय्यकाने करावा, फोटो काढावा, खड्ड्यात पुरताना मोजावं. बागच्या बाग मोडल्यावर मदत जाहीर करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होईल.

---

वऱ्हाडी पऱ्हाटी | शुक्रवार, संध्याकाळी ५.४५

नमस्कार मंडळी. आमच्या इकडची टोळधाड सांगतो. २०२० चा मे, लॉकडाऊन, आणि मध्य प्रदेशातून टोळ मोर्शी-वरुडकडे उतरले. संत्र्याच्या बागा. आभाळ तपकिरी झालं होतं, आणि पंखांचा आवाज असा की वाटावं वाळक्या पाल्यावर पाऊस पडून राह्यला. पोट्टे डबे, थाळ्या, ट्रॅक्टरचे हॉर्न, जे सापडलं ते वाजवत होते. थाळ्या वाजवायची सवय त्या वर्षी सगळ्यांनाच झाली होती म्हणा.

पण आवाजाने टोळ मरत नाही, फक्त शेजाऱ्याच्या वावरात जातो. खरं काम रात्रीचं. संध्याकाळी टोळ झाडावर बसतो, रात्री उडत नाही. कृषी खात्याची माणसं आणि आम्ही दुचाकीवर थव्याच्या मागे मागे, कुठं बसला ते बघायला. मग पहाटे उजाडायच्या आधी अग्निशमनच्या गाड्यांनी झाडांवर फवारणी. ऊन चढलं की थवा उठतो, त्याआधी जेवढं होईल तेवढं.

त्या आठवड्यात गावागावातून फोन चालू होते. "तुमच्याकडे येऊन राह्यले, वारा उत्तरेचा आहे." कोणी लपवलं नाही, कारण टोळ लपवताच येत नाही. तापीकाठ भाऊ, तुमच्या धाग्याचं उत्तर मला इथं दिसतं. जे सगळ्यांना दिसतं त्याच्याशी गाव एकत्र लढतं. जे एकाच्याच गोठ्यात, एकाच्याच बागेत आहे, तिथं माणूस एकटा पडतो आणि मग गप्प बसतो.

---

औसेकर | शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

वऱ्हाडी भाऊ, अगदी बरोबर. आमच्याकडं २०२२ च्या जुलैत सोयाबीनवर शंखी गोगलगाय आली. दोन पानांवरचं रोप रात्रीत गायब, सकाळी नुसता चिकट चकाकता माग. पहिले चार दिवस प्रत्येकजण आपापल्या रानात मीठ टाकत होता. मीठ बांधापुरतं, गोगलगायीला बांध कुठं कळतो?

मग ठरलं, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाबांधाला अंथरली, सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये. पोरांना किलोवर पैसे. माझ्या पुतण्याने एका आठवड्यात सायकलच्या टायरचे पैसे कमावले आणि अजून तो गोगलगायीची वाट बघतो.

दुबार पेरणी मात्र करावी लागली. आठ दिवस आधी जमलो असतो तर नसती लागली.

---

वऱ्हाडी पऱ्हाटी | शुक्रवार, संध्याकाळी ७.००

पुतण्याला सलाम :)

पण एक गोष्ट सगळ्यांना हात जोडून सांगतो, कारण इथं सगळे फवारणीवर बोलून राह्यले. २०१७ ला बोंडअळीच्या वर्षी आमच्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधं एकात मिसळलेली, तोंडाला काही नाही. बहुतेक मजूर. माझ्या वावरात येणारा एक माणूस त्यात दवाखान्यात होता. वाचला, पण वर्षभर त्याला एका डोळ्याने धूसर दिसत होतं.

संकट आलं की हात घाईत चालतो, आणि घाईतच माणूस मरतो. औषधं मिसळू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. आणि मजूर आपला असो की ठेक्याचा, हातमोजे-मास्क त्याला आधी द्या, मग पंप. अळीने घेतलं तर पीक पुढच्या वर्षी येतं.

---

केळीरान | शुक्रवार, संध्याकाळी ७.२०

+१. आणि तापीकाठ दादा, हरण्यात फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. मावा रोगी झाडाला सोंड लावतो आणि काही क्षणांत पुढच्या झाडाला रोग देऊन मोकळा होतो. औषध त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून उपटणं पहिलं. बांधावरचा केना काढा, तो तणसुद्धा हा रोग पोसतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगी, ही सगळी या विषाणूची घरं. केळीत आंतरपीक म्हणून यातलं काही घ्यायचंच नाही.

---

दूरदेशी | शनिवार, पहाटे ४.१०

मी मेलबर्नला असते, मूळ फैजपूरची. २०२२ ला इंडोनेशियात जनावरांचा लाळ्या-खुरकुत रोग आला, तेव्हा इथल्या विमानतळावर बालीहून येणाऱ्यांना पायाखाली औषधाच्या पट्ट्यांवरून चालायला लावत होते. मी भारतातून परतले तेव्हा फॉर्मवर "शेतावर गेले होते" असं लिहिलं, तर त्यांनी माझ्या चपला बघायला मागितल्या. टाचेला बाबांच्या बागेतली काळी माती होती. तिथेच धुतल्या त्यांनी, मला ओल्या चपला परत दिल्या.

तेव्हा मला थोडा अपमान वाटला. मग बाबांनी फोनवर सांगितलं की केळीच्या पनामा रोगाचा नवा प्रकार, टीआर-४, बिहार, उत्तर प्रदेशात आला आणि गुजरातमध्येही सापडला. तो मातीतून पसरतो आणि एकदा शिरला की वर्षानुवर्षं जमिनीत राहतो. आपली ग्रँड नैन जातीची केळी त्याच्यापुढे टिकत नाही. सुरत आपल्यापासून किती लांब आहे? कापणीची टोळी, ट्रक, विळे, बूट, सगळं इकडून तिकडे फिरतं. आता बाबा टोळीला बागेत शिरायच्या आधी बूट धुवायला लावतात. लोक हसतात त्यांना.

---

ढोरडॉक्टर | शनिवार, सकाळी ७.१५

हसू द्या. तुमच्या बाबांना म्हणावं, पाण्यात जंतुनाशक घाला आणि आधी माती घासून काढा. चिखलाच्या थरावर औषध चढत नाही. आम्ही गोठ्यांच्या दारात पाय बुडवायचे हौद ठेवायचो, लोक चिखलाचे बूट तसेच बुडवायचे आणि तिसऱ्या दिवशी हौदात नुसतं गढूळ पाणी.

गोठावाला, रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात होता. पहिल्याने सांगितलं आणि त्यालाच बारा दिवस दूध ओतावं लागलं, हे चूक आहे. माझ्या शेवटच्या गावात आम्ही एक केलं. पहिल्या माणसाने फोन केला त्याच संध्याकाळी मी आणि सरपंच त्याच्या ओट्यावर बसलो आणि गावासमोर त्याच्या घरचा चहा प्यायलो. दूध त्याच्याच गोठ्यातलं, नीट उकळलेलं. दुसऱ्या दिवशी तीन जणांनी फोन केले. त्यातल्या एकाची गाय गाठी यायच्या आधीच, नुसत्या तापावर, आम्हाला मिळाली.

मेलेल्या जनावरांसाठी ग्रामपंचायतीने गायरानात जेसीबीने खड्डा आधीच खोदून ठेवला, आठ फूट खोल, चुन्याच्या गोण्या बाजूला. त्यामुळे रात्रीतून ओढ्यात टाकायची वेळ कोणावर आली नाही. हे दोन्ही करायला वरून आदेश यायची गरज नव्हती.

---

गोठावाला | शनिवार, सकाळी ८.४०

डॉक्टर, माझ्या ओट्यावर कोणी आलं असतं तर मी हा धागा वेगळाच लिहिला असता.

जाऊ द्या. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर माझ्या गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलेला आहे, तो पुसलेला नाही. परत वेळ आली तर परत करीन. फक्त त्या दिवशी सरपंचाला आधी घेऊन जाईन, मग फोन लावीन.

---

नवापूरचा | शनिवार, सकाळी ९.००

आम्हाला परत शेड भरायला मधे कित्येक महिने गेले. त्या काळात कामगारांचं काय, हे कुठल्याच पंचनाम्यात नसतं. पक्ष्याचा दर ठरतो, अंड्याचा ठरतो, खाद्याचाही ठरतो. शेडमध्ये झोपणाऱ्या माणसाचा नाही. माझ्या हाताखालची सहा पोरं सुरतेला गेली, चार परत आली नाहीत. दुसऱ्या कोणाच्या गावात ही वेळ आली तर एवढं मागा, मालकाच्या अर्जासोबत कामगारांची यादी लावा.

---

रानवाट | शनिवार, सकाळी ९.४५

तापीकाठ दादा, कालपासून गप्प आहात. खोडं उपटली का? आणि नाना?

---

तापीकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. डॉक्टरसाहेब, तुमचं पहिलं उत्तर मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता तरी झोपा.

काल पहाटे फवारणी केली, हातमोजे-मास्क घालून. दुपारनंतर उपटायला लागलो तर अकराची चौदा निघाली. तीन खोडांवर पट्टे इतके पुसट होते की ऊन तिरपं झाल्यावरच दिसले. म्हणून आता फेरी सकाळी किंवा संध्याकाळीच. सगळी मुळासकट खड्ड्यात पुरली. औसेकर, लाल चिंध्याही बांधल्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या. केना काढायला दोन बाया लावल्यात.

नानांकडे आज सकाळी गेलो. काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं, पण ओट्यावर बसल्यावर आधी काकडीचं निघालंच नाही. मी म्हटलं, नाना, तीन वर्षांपूर्वी कपिलेला गाठी आल्या तेव्हा मी चार दिवस लपवलं होतं. नाना बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "माहीत आहे. हौदावर मीच बघितल्या होत्या. मीबी पोळा होऊ दे म्हटलं."

मी काय उत्तर देणार.

मग मी हरण्याचं सांगितलं. ते उठून माझ्याबरोबर बागेत आले, चौदा खड्डे बघितले, खाली बसून एका पानाचा तुकडा उजेडात धरला. काकडीचे शेवटचे दोन तोडे राहिलेत त्यांचे. सोमवारी तोडून वेल काढतो म्हणाले, काढलेले वेल माझ्याच खड्ड्यात टाकू, वेगळा कशाला खोदायचा. त्यांच्या पलीकडे एकाची मिरची आहे. त्याच्याकडे उद्या आम्ही दोघं जाणार आहोत.

मंगळवारी पुढची फेरी. किती निघतात ते इथेच लिहीन.

---

केळीरान | शनिवार, रात्री ९.५०

मंगळवारी आकडा वाढला तर घाबरू नका, दुसऱ्या फेरीत वाढतोच. मला व्यक्तिगत निरोप करा, मी सावद्याहून येतो. दोघं फिरलो तर साडेचार हजार खोडं सकाळच्या उन्हात होतील.